कागद मुका हवा

आमच्या कंपनीचं कॉफी मशीन परत करणाऱ्या पहिल्या बाईंनी टाकीत पाण्याऐवजी दूध ओतलं होतं. बटण दाबल्यावर मशीन थोडा वेळ गुरगुरलं, मग जळक्या दुधाचा वास घरभर पसरला आणि नळीत साय अडकून सगळं बंद पडलं. मी तपासायला गेले, तर बाईंनी माहितीपुस्तिकाच माझ्यासमोर धरली. म्हणाल्या, "इसमें लिखा है, टंकी भरिए. ये कहाँ लिखा है कि पानी से भरिए?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि ती पुस्तिका मी लिहिली होती.

उदारीकरणाची ती पहिली वर्षं. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते आणि रस्ते व्हायच्या आधी दुकानांच्या पाट्या लागत होत्या. परदेशी वस्तूंची नावं लोकांना पाठ झाली होती, वस्तू अजून हातात आल्या नव्हत्या. आमचे मालक भसीन साहेब आधी इस्त्र्या बनवायचे. त्यांनी बाहेरच्या एका कंपनीशी करार केला आणि ड्रिप कॉफी मशीन जोडायला सुरुवात केली. मी गृहविज्ञान शिकलेली, म्हणून मला घेतलं. माझ्या कार्डावर ‘होम इकॉनॉमिस्ट’ असं छापलं होतं. त्यामुळे निम्म्या लोकांना वाटायचं, मी घरखर्च कसा कमी करायचा ते सांगायला आले आहे.

काम साधं होतं. नव्या गिऱ्हाइकाकडे जाऊन मशीन चालवून दाखवायचं आणि तक्रार आली की घरी जाऊन बघायचं, चूक मशीनची की माणसाची.

खरं सांगायचं तर मला स्वतःला कॉफीतलं काही कळत नव्हतं. माझे वडील नगरहून दिल्लीला पोस्टात बदलून आले आणि इथलेच झाले. आमच्या घरी चहा. कॉफी म्हणजे आमच्या चर्चमधल्या लग्नात मिळायची ती, वाफेच्या मशीनची, वर फेस आणि फेसावर चॉकलेटची भुकटी. नाहीतर पाहुणे आले की कपात साखर आणि कॉफी हात दुखेपर्यंत फेटायची. दिल्लीत कॉफी म्हणजे फेस. त्या फेसाखाली काय असतं, हे कुणी विचारत नव्हतं, मीही नाही.

ड्रिप मशीनचं तंत्र मात्र मी घोकून ठेवलं होतं. टाकीतलं पाणी तापून नळीतून वर चढतं आणि पावडरीवर थेंब थेंब पडतं. पावडरीखाली कागदाचा फिल्टर असतो. त्यातून गाळून कॉफी खालच्या भांड्यात येते. एवढंच. पण या एवढ्याशात लोक काय काय करायचे! कुणी गरम पाण्यात विरघळणारी इन्स्टंट कॉफी फिल्टरमध्ये घालायचं. कुणी चिकोरी मिसळलेली पिठासारखी पावडर भरायचं. ती कागदावर चिखलासारखी बसायची आणि पाणी वरून ओसंडून ओट्यावर यायचं. गाझियाबादच्या नव्या वस्त्यांत व्होल्टेज इतकं कमी की पाणी थांबून थांबून पडायचं, पावडर भिजत राहायची आणि कॉफी कडू जहर. नोएडात बोअरचं पाणी खारं. त्यात काहीही करा, चव पांचटच.

प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड असे. त्यावर कारणाच्या जागी तीनच पर्याय: मशीनमध्ये दोष, व्होल्टेज, ग्राहकाची चूक. आमचे सर्व्हिस मॅनेजर त्यागीजी, गाझियाबादचेच, स्वभावानं वाईट नव्हते. पण पहिल्या पर्यायावर खूण केलेलं कार्ड आलं की ते चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "साळवे मॅडम, एक बार फिर सोच लीजिए." हळूहळू मी पुन्हा विचार करणं सोडलं. तिसऱ्या पर्यायावर खूण करायला हात सरावला.

अशात सौ. राव यांची पोस्टकार्डं यायला लागली.

पहिल्यात इंग्रजीत एकच ओळ होती. कॉफीला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दुसऱ्यात तीच ओळ, खाली रेघ मारून. तिसरं कार्ड भसीन साहेबांच्या नावे आलं, तेव्हा त्यागीजींनी मला पाठवलं.

नोएडातल्या नव्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार उघडणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, नाकात चमकी, बोटांना खडू लागलेला. शाळेत गणित शिकवायच्या. माझं नाव ऐकलं आणि एकदम मराठीत म्हणाल्या, "साळवे म्हणजे मराठी की हो! या, बसा. मी राव. माझं माहेर चिकमगळूरचं, सासर धारवाडचं. मराठी येतंय मला."

मला बरं वाटलं. मराठी बोलणारी बाई, म्हणजे समजावायला सोपं जाईल. मी नेहमीचं सुरू केलं. "त्याचं काय आहे, राव मॅडम, इथलं पाणी फार खारं आहे..."

"म्हणून मी आर. के. पुरमहून बहिणीच्या घरचं पाणी आणलं," त्या म्हणाल्या. "कॅन तो बघा, तिथं आहे."

"मग पावडर जास्त बारीक असेल. इकडे मिळणारी—"

"इकडची नाहीच. माझे वडील कॉफीच्या मळ्यात हिशेबनीस होते. अजून घरून बिया येतात. मी स्वतः दळते, तीन प्रकारे दळून बघितली."

"व्होल्टेज..."

"स्टॅबिलायझर लावलाय."

मग त्यांनी टेबलावरची एक वही माझ्याकडे सरकवली. शाळेतली चौकटींची वही. त्यात तारीखवार लिहिलेलं: आज पाणी बदललं, बाकी तेच. आज पावडर बदलली, बाकी तेच. आज शेजाऱ्यांचं मशीन आणलं, बाकी तेच. प्रत्येक ओळीपुढे शेवटी एकच शब्द, पुठ्ठा.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची असतीय," त्या म्हणाल्या. "पोरांना शिकवते ना मी. सगळं एकदम बदललं तर कळणार काय?"

मी वही बघत होते तोवर त्यांनी पाणी उकळलं. आमचा कोरा फिल्टर कागद एका पेल्यात बसवला आणि त्यावर ते पाणी ओतलं. वर बशी झाकली. कॉफीचा कणही नाही. दोन मिनिटांनी बशी काढून पेला माझ्यापुढे ठेवला.

"प्या."

मी घोट घेतला. पावसात भिजलेल्या खोक्याचा वास असतो ना, तो तोंडभर झाला. मी पेला खाली ठेवला. माझ्याकडे पर्याय उरला नव्हता.

"कॉफी नाही यात," सौ. राव शांतपणे म्हणाल्या. "आता सांगा, माझी काय चूक?"

मला कारण लगेच कळलं, म्हणूनच जास्त लाज वाटली. सुरुवातीला फिल्टर कागद परदेशातून मशीनबरोबर येत होते. ते वेळेवर येईनात, तेव्हा आम्ही इथल्याच एका कारखान्याकडून कापून घ्यायला लागलो. दिसायला तसेच. तक्रारी वाढल्या त्या तेव्हापासून. आणि मी त्या तक्रारी पाण्यावर, पावडरीवर, माणसांवर ढकलत होते. मला खोटं बोलायचं नव्हतं. मला चव कळत नव्हती आणि कळत नाही हे कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

मी म्हटलं, "राव मॅडम, मला कॉफीतलं काही कळत नाही."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "ते दिसलंच की. शनिवारी शाळा अर्धीच असतीय. दुपारी या."

त्या शनिवारी मी खरंच गेले. ऑफिसच्या कपाटात परदेशी कागदाचं एक जुनं पाकीट सापडलं होतं, ते घेऊन. सौ. रावांनी त्याच बिया घेतल्या, तेच पाणी. दळण तेवढं ज्याचं त्याला साजेसं. पहिला कप परदेशी कागदातून. दुसरा नायलॉनच्या जाळीतून, ती त्यांच्या भाच्यानं कुठून तरी आणून दिली होती. तिसरा त्यांच्या पितळी फिल्टरमधून. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वर पावडर दाबायची, उकळतं पाणी घालायचं आणि वाट बघायची. खालच्या डब्यात काळा, दाट अर्क साठायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी मला नववीच्या पेपरांची बेरीज तपासायला लावली.

"साखर नाही, दूध नाही," त्यांनी बजावलं. "आधी कोरी चाखायची."

कागदातली कॉफी चहासारखी पारदर्शक होती. उजेडात धरली तर लालसर. तिला एक आंबटगोड झाक होती, संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारी. मी चकित झाले. कॉफीला कडूशिवाय दुसरी चव असते, हे मला माहीतच नव्हतं. जाळीतली तीच कॉफी जड लागली. जिभेवर तेलकट साय धरल्यासारखी, आणि तळाशी गाळ. सौ. राव म्हणाल्या, कॉफीत तेल असतं, कागद ते पिऊन टाकतो, जाळी सोडून देते. पितळी फिल्टरमधल्या अर्काचा मी चमचाभर घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका तो कडक. मग त्यांनी त्यात गरम दूध घातलं, दोन भांड्यांत वर-खाली केलं आणि दिलं. कागदातल्या कॉफीत तेवढंच दूध घातलं तर ती कुठे गेली कळेना. ही मात्र दुधातून वर आली.

"मग सगळ्यात चांगलं कोणतं?" मी विचारलं.

"चांगलं-बिंगलं काही नसतंय. दूध घालणार असाल तर पितळेचा. कोरी पिणार असाल तर कागद. जाडसर, भरलेली आवडत असेल तर जाळी. पण कागद घेतला तर तो मुका पाहिजे. त्यानं स्वतःचं काही बोलायचं नाही. तुमचा कागद बडबडतोय."

आमचा बडबडा कागद आधी उकळत्या पाण्यानं धुऊनही त्यांनी दाखवला. एकदा धुतल्यावर वास कमी झाला, गेला नाही.

सोमवारी मी त्यागीजींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मैडम, दिवाली का माल पैक हो चुका है. हर डिब्बे में यही कागज़ है. आप चाहती क्या हैं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "और वो चालीस कार्ड? कस्टमर की गलती, आपके साइन से?"

ते धमकी देत नव्हते. माझीच काळजी करत होते. नोकरी जाईल असं मलाही वाटत होतं. नवऱ्याची बदली नुकतीच झाशीला झाली होती, गाझियाबादचं घर माझ्या पगारावर चाललं होतं. जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले. मग पँट्रीतून तीन पेले घेतले आणि भसीन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

एकात साधं गरम पाणी, एकात परदेशी कागदातून काढलेलं, एकात आमच्या कागदातून. कोणतं कुठलं ते सांगितलं नाही. साहेब तीन चमचे साखरेची फेटलेली कॉफी पिणारे. त्यांनी तिन्ही पेले चाखले, तिसऱ्याला तोंड वाकडं केलं आणि तो पेला दूर सारला.

"दिवाली के बाद देखेंगे," ते म्हणाले.

"सर, चाळीस घरांना मी सांगितलंय की चूक तुमची आहे," हे मी मराठीतच बोलून गेले. मग सावरून हिंदीत म्हटलं, "मैं वो कार्ड वापस लेना चाहती हूँ."

मी निघाले तेव्हा त्यांनी आमच्या कागदाचं एक पाकीट खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब थेट गोदामात आले. कधी यायचे नाहीत. सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, डबे उघडा, कागद काढा. नंतर साहेबांनी मला बोलावून सांगितलं की रात्री जेवताना त्यांनी तो प्रयोग त्यांच्या आईवर केला होता. "बीजी ने एक घूँट लिया और बोलीं, पुत्तर, ये तो गीली कॉपी का पानी है. तू लोगों को ये पिला रहा है?" कॉपी म्हणजे वही, भिजलेल्या वहीचं पाणी. मग म्हणाले, "आप तीन गिलास लेके आईं, अच्छा किया. भाषण देतीं तो मैं सुनता नहीं."

त्या दिवाळीला निम्मा माल उशिरा गेला. डब्यांत कागदाऐवजी जाळ्या घातल्या. माहितीपुस्तिका मी नव्यानं लिहिली. त्यात टाकी पाण्यानं भरायची हे दोनदा लिहिलं, आणि कागद वापरणाऱ्यांनी तो आधी उकळत्या पाण्यानं धुऊन घ्यावा हेही. कच्चा मजकूर सौ. रावांनी लाल पेनानं तपासला. व्याकरणाचे गुण कापले.

पुढे बाहेरच्या मोठ्या कंपन्या आल्या आणि आमचं कॉफी मशीन बंद पडलं. भसीन साहेब मिक्सरकडे वळले. मीही त्यांच्याबरोबर वळले आणि तिथूनच निवृत्त झाले. सौ. राव म्हैसूरला राहायला गेल्या. जाताना जो पितळी फिल्टर त्यांनी मला दिला, त्यात मी आजही सकाळची कॉफी करते. आता लोक विचारतात, कोणता फिल्टर घेऊ, काचेचं भांडं घेऊ की इटालियन किटली. मी म्हणते, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. माणसाला आयुष्यात चांगले शिक्षक किती मिळतात? मला एक तक्रार करणारी मिळाली. चूक दाखवल्यावर ती झाकून न ठेवणारा मालक मिळाला. नोकरीचं मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर पगाराच्या आधी मी ही दोन नावं घेते.

पण त्या चाळीस कार्डांचं सांगायचं राहिलं.

दिवाळी झाल्यावर मी ती कार्डं बाहेर काढली आणि पत्ते लावून एकेका घरी जायला लागले. बरोबर जाळी न्यायची आणि माफी मागायची. बहुतेकांनी हसून सोडून दिलं. एकांनी चहा पाजला, म्हणाले, कॉफी आम्ही सोडली. एका बाईंनी दार उघडलंच नाही.

गाझियाबादच्या वैशाली वस्तीतल्या एका कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ग्राहकाची चूक, कॉफी बनवण्याचा अनुभव नाही. ते वाचल्यावर मला ती मुलगी आठवली. रितू. लखनौची, लग्न होऊन चार महिने झालेले. मशीन तिला मावशीनं लग्नात दिलं होतं. ती सांगत होती, दीदी, कागज़ की बू आती है. आणि मी तिच्या सासूबाईंकडे वळून हसत म्हटलं होतं, "माताजी, नई-नई है, सीख जाएगी." सासूबाईही हसल्या होत्या. मुलगी हसली नव्हती.

मी जिने चढून गेले. दार तिनंच उघडलं. मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी बोलायला तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कॉफी लेंगी?" आणि आत गेली.

मशीनचा गुरगुर आवाज आला. दोन कप घेऊन ती बाहेर आली. मी घोट घेतला आणि थांबले. पुठ्ठा नव्हता. कागदातल्या कॉफीचा स्वच्छपणा होता आणि जाळीतला थोडा भरीवपणाही. गाळ नव्हता. अशी कॉफी मी सौ. रावांकडेही प्यायले नव्हते.

"कागज़ कौन-सा लगाया?"

तिनं आतून एक पांढरा त्रिकोण आणून माझ्या हातात ठेवला. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, फिल्टरच्या मापाचा, हातानं शिवलेला. रोज धुऊन, उकळून, उन्हात वाळवते म्हणाली. नाहीतर आंबट वास धरतो. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच शोधलं होतं, मी तिला अनाडी ठरवून गेल्यानंतर.

मग मी सगळं सांगितलं. कागद खराब होता. तिची काही चूक नव्हती. तिला पहिल्याच दिवशी जे कळलं ते मला कळायला कितीतरी दिवस लागले. आणि मी जे तिच्या सासूबाईंसमोर बोलले, ते चुकीचं होतं. मला माफ कर.

ती ओंजळीत कप धरून खाली बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं मान वर केली.

"मैडम, एक बार और बोल दीजिए. ज़रा ज़ोर से. मम्मीजी पीछे बालकनी में हैं."

मी कप हातात घेऊनच उठले. बाल्कनीत सासूबाई वेताच्या मूढ्यावर बसून मटार सोलत होत्या. दारात उभी राहून मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. शेवटी म्हटलं, "माताजी, आपकी बहू शुरू से सही कह रही थी. गलती मेरी थी."

त्यांचे हात थांबले नाहीत. तीन-चार शेंगा सोलून झाल्या. मग त्यांनी शेजारचा रिकामा मूढा पायानं पुढे सरकवला. मी बसायला गेले.

"आप नहीं," त्या म्हणाल्या. "रितू, तू आके बैठ. मटर मैं छील लूँगी. तेरी कॉफी ठंडी हो रही है."

रितू आली आणि बसली. माझी कॉफी मी दारात उभी राहूनच संपवली.